सिंकखालचं क्रशर घरी बदलताना: यंत्राआधी ओट्याखालचं सगळं बघा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बीड बायपासच्या फ्लॅटमध्ये आधीच्या मालकाने सिंकखाली फूड वेस्ट डिस्पोजर, म्हणजे आपल्याकडे ज्याला क्रशर म्हणतात ते, बसवलेलं होतं. काही दिवस ते नुसतं घुंई करून थांबायचं, आता आवाजही नाही आणि तळातून पाणी ठिपकायलंय. दिरांनी अमेरिकेहून येताना नवंकोरं मशीन आणलंय. प्लंबर आठवडाभर ‘उद्या येतो’वर आहे. तेव्हा हे घरीच बदललं तर चालेल का, आणि शॉकची भीती कितपत?

बदलता येतं. हात चालणाऱ्या माणसाचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. फक्त दिरांनी आणलेलं मशीन बसवू नका. त्याचं कारण पुढे सांगतो, पण उत्साहाच्या भरात कोणी तोवर पिन कापून आपला प्लग लावायच्या आत एवढं वाक्य आधी वाचलं जावं म्हणून इथेच लिहिलं.

मी छत्रपती संभाजीनगर आणि जालना भागात नळजोडणीची आणि ओट्याखालच्या यंत्रांची कामं करतो, वायरमनचा परवानाही आहे. या कामात लोक मशीनच्या नटबोल्टची चिंता करतात आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघत नाहीत. खरं तर मशीन स्वतः साधं असतं. आत पाती नसतात. खाली एक फिरणारी चकती, तिच्यावर दोन सैल लोखंडी तुकडे, आणि भोवती दातेरी कडं. चकती फिरली की खरकटं कड्यावर आपटून भरडलं जातं आणि पाण्याबरोबर निघून जातं. त्रास होतो तो त्याला दिलेल्या विजेत, शेजारच्या सिलिंडरमुळे, आणि पुढच्या पाइपात. म्हणून मी त्याच क्रमाने लिहितो.

आधी मशीन खरंच गेलंय का ते बघू. घुंई आवाज येतो पण फिरत नाही, याचा अर्थ मोटरला वीज मिळतेय पण चकती अडकली आहे. चमचा, हाडाचा तुकडा, आंब्याची कोय, बाटलीचं झाकण, काहीही असतं. अशा वेळी बटण दाबून धरत बसलात तर अडकलेली मोटर कितीतरी जास्त करंट ओढते आणि तापते. मग मोटर जळू नये म्हणून बुडाचं लाल बटण आपोआप बाहेर पडून वीज तोडतं आणि मशीन मुकं होतं. बहुतेक मशीनच्या बुडाला मधोमध षटकोनी खाच असते. प्लग काढून तिच्यात अ‍ॅलन की घालून मागे-पुढे फिरवायची (पाव इंचाची लागते, आपल्या संचातली ६ मिलिमीटरची थोडी सैल बसते पण बऱ्याचदा भागतं). खाच नसेल तर वरून लाकडी दांड्याने चकती ढकलायची. अडकलेली वस्तू सांडशीने उचलायची, हाताने नाही, प्लग काढलेला असला तरी नाही, कारण आतलं कडं बोटं सोलतं. मग दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्यायचं, बुडाचं लाल बटण आत दाबायचं आणि चालू करून बघायचं. निम्म्या तक्रारी इथेच संपतात आणि नव्या मशीनचे पैसे वाचतात.

पण तुमच्याकडे दुसरं लक्षण जास्त महत्त्वाचं आहे, ते म्हणजे गळती. पाणी कुठून येतंय यावर सगळं ठरतं. सिंकच्या भोकाजवळून, म्हणजे मशीनच्या डोक्यावरून ओघळ येत असेल तर वरच्या फ्लँजची, म्हणजे सिंकच्या भोकात बसणाऱ्या धातूच्या गळ्याची, पुट्टी सुकली आहे. मशीन चांगलं आहे. बाजूच्या पाइपाच्या तोंडाशी ओलं असेल तर तिथलं रबर गेलंय, ते किरकोळ काम. मात्र तळाच्या लाल बटणाजवळून थेंब पडत असतील तर आतल्या दांड्याचं सील गेलंय आणि पाणी मोटरीत उतरतंय. त्याला दुरुस्ती नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं हेच झालंय. म्हणजे ते लाल बटणही आता दाबून बघायचं नाही. आणि प्लग काढायलाही ओल्या फरशीवर बसून हात घालू नका. आधी डीबीमधला, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या पेटीतला, स्वयंपाकघराचा एमसीबी पाडा, मग कोरड्या हाताने प्लग काढा.

आता वीज. आपल्या भागात भारनियमनाची सवय लागल्यापासून जवळपास प्रत्येक घरात इन्व्हर्टर आहे, आणि घरी काम करणारा माणूस नेमका तिथेच फसतो. मेन स्विच पाडला म्हणजे महावितरणची वीज बंद झाली. इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, तो लगेच आपली वीज सोडतो. ओट्याखालचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल, आणि बऱ्याच घरांत आरओसाठी तो तसा घेतलेला असतो, तर मेन बंद असतानाही त्यात पूर्ण २३० व्होल्ट असतात. म्हणून आधी इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा, मग मेन पाडायचा. त्यानंतर ओट्याखालचा सॉकेट टेस्टरने तपासायचा, पण तो टेस्टर एखाद्या चालू सॉकेटमध्ये पेटतो का हे आधीच बघून ठेवलेलं असलं पाहिजे. टेस्टरच बिघडलेला असेल तर तो मेलेल्या आणि जिवंत तारेला सारखंच उत्तर देतो.

दुसरी गोष्ट बोर्डावरच्या स्विचची. स्विच फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर असायला हवा, पण घाईत केलेल्या वायरिंगमध्ये तो न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, घातलेला मला वारंवार सापडतो. अशा ठिकाणी स्विच बंद केला की मशीन थांबतं, पण फेज मशीनपर्यंत आलेलीच असते. त्यामुळे ‘स्विच बंद केलाय की’ हे उत्तर मी माझ्या हाताखालच्या पोरांकडूनही ऐकून घेत नाही. प्लग हातात दिसला पाहिजे. मशीन प्लगशिवाय थेट तारेने जोडलेलं असेल, तर तो भाग वायरमनकडून करून घ्या आणि त्याच फेरीत तिथे सॉकेट बसवून घ्या.

शॉकची भीती किती, असं विचारलंत. एमसीबी वाचवतो तो तारेला, माणसाला नाही. माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. डीबी उघडून बघा, टेस्ट लिहिलेलं छोटं बटण असलेला रुंद स्विच आहे का. असेल तर ते बटण दाबा. खटकन पडला पाहिजे. नसेल तर पाणी, स्टीलचं सिंक आणि मोटर एकत्र असलेल्या जागी नवं यंत्र बसवण्याआधी तो बसवून घ्या, त्यावरचा खर्च मशीनच्या मानाने किरकोळ आहे. अर्थिंगही तपासून घ्या. सॉकेटचं वरचं मोठं भोक असतं, पण मागे हिरवी तार असतेच असं नाही. आणि असली तरी आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा असा की अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो आणि अर्थिंग नावापुरती उरते. सोसायटीच्या त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं, हे वॉचमनला कोणी सांगितलेलंच नसतं.

गॅसबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण मला अंदाज आहे. आपल्या ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे असतात, एका कप्प्यात सिंकचे पाइप आणि शेजारच्याच कप्प्यात सिलिंडर. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. थोडी गळती असेल तर तो वर न जाता खालीच, ओट्याखाली साचून राहतो. तिथेच प्लग काढताना-लावताना ठिणगी उडते. म्हणून काम सुरू करायच्या आधी रेग्युलेटर बंद करून काढायचा, सिलिंडर बाहेर मोकळ्या जागी उभा ठेवायचा, ओट्याखालची दारं उघडी टाकून खिडकी उघडायची. हे सगळं वीज पाडायच्या आधी. वास येत असेल तर कुठल्याच बटणाला, ना चालू करायला ना बंद करायला, हात लावायचा नाही. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे. काम झाल्यावरही सिलिंडर पुन्हा मोटरीच्या शेजारी नको. मधला कडप्पा पूर्ण बंद असेल आणि सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी हवेची वाट असेल तर गोष्ट वेगळी.

आता दिरांचं मशीन. हे यंत्रच मुळात अमेरिकेतलं. विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावचे जॉन हॅम्स नावाचे वास्तुविशारद यांनी १९२७ मध्ये ते बनवलं, आणि आजही त्याचं भोक, नळी, सगळी मापं तिकडच्या सिंकला धरून इंचात असतात. मापांचं जमवता येतं, विजेचं नाही. तिथल्या घरात १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. प्लग बदलून लावलंत तर मोटरच्या गुंडाळीला जवळपास दुप्पट दाब मिळतो आणि ती जळते. आता कोणीतरी सुचवेल की स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. त्याने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ तेच राहतात. साध्या इंडक्शन मोटरची गती हर्ट्झवर ठरते. तिकडे मिनिटाला साधारण १७२५ फेरे घेणारी मोटर इथे साडेचौदाशेच्याही खाली येते, लोखंडात चुंबकत्व गरजेपेक्षा जास्त होतं आणि मोटर तापत राहते. शिवाय ओट्याखाली, ओल्या जागी, चार-पाच किलोचा ट्रान्सफॉर्मर कोण ठेवणार? मशीनच्या बुडावरची पट्टी वाचा. २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं स्पष्ट छापलेलं असेल तरच ते इथलं. नाहीतर डबा बंद करून दिरांच्या पुढच्या खेपेला परत पाठवा. दिरांना वाईट वाटेल, पण त्यांनी खर्च केलाय म्हणून मोटर चालणार नाही.

नवं घेताना शक्य असेल तर जुन्याच कंपनीचं आणि त्याच पद्धतीच्या माउंटिंगचं घ्या. कित्येकदा जुनी फ्लँज आणि कडी तशीच ठेवून फक्त खालचं धूड बदलता येतं, आणि काम निम्म्यावर येतं. ताकदीचं म्हणाल तर चार-पाच माणसांच्या घराला अर्धा ते पाऊण हॉर्सपॉवर पुरते. एक हॉर्सपॉवरचं मशीन जास्त खाली लोंबतं, आणि त्याचा त्रास पाइपात होतो, तिकडे येतोच. घरात लहान मुलं असतील तर हवेवर चालणारं बटण असलेलं घ्या. ते ओट्यावर बसतं, त्यात वीज नसते, नुसती हवेची नळी खाली जाते, त्यामुळे ओल्या हाताने दाबलं तरी चिंता नाही.

जुनं काढायचं काम असं. खाली बादली, ट्रॅपचे, म्हणजे सिंकखालच्या पाणी अडवून वास रोखणाऱ्या वळणाचे, नट हाताने सोडवायचे. बोअरचं पाणी असेल तर नटांवर पांढऱ्या क्षाराची खपली बसलेली असते आणि ते हलत नाहीत. पान्याने जोर केला की प्लास्टिकचा नट फुटतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी तासभर गुंडाळून ठेवा, सुटतो. संडासाचं अ‍ॅसिड मात्र सिंकच्या आसपास नेऊ नका. त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि तिथून पुढे गंज धरतो. आणि मशीन तुंबलंय म्हणून आधी कोणी त्यात ड्रेन क्लीनरची पूड ओतली असेल तर उघडताना ते कॉस्टिक पाणी थेट तोंडावर येतं. घरात विचारून घ्या, आणि तसं असेल तर हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय खाली वाकू नका.

मशीन पाच ते आठ-दहा किलोचं असतं आणि आत पाणी असतं. एकट्याने एका हाताने धरून दुसऱ्याने कडी फिरवायला गेलात तर ते हातावर किंवा पायावर येणार. त्याच्या बुडाखाली टेकेल इतक्या उंचीला लाकडी ठोकळे किंवा पालथा डबा रचा. वर कडीला तीन कान असतात आणि त्या कानांना उतार असतो. कडीच्या कानात स्क्रूड्रायव्हर घालून ती अशी फिरवायची की कान उताराच्या खालच्या टोकाकडे सरकतील. मशीन सैल होऊन ठोकळ्यावर बसतं. उतार नीट बघितला तर डावं-उजवं कोणाला विचारायची गरज पडत नाही. क्षाराने कडी घट्ट बसली असेल तर लाकडावरून हलके ठोके द्या.

जुनी फ्लँज ठेवायची असेल तर तिला हलवून बघा. जरा जरी हलली किंवा कडेला काळी रेघ दिसली, तर काढाच. तिन्ही स्क्रू ढिले करा, खालची तारेची रिंग चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचकटा, फ्लँज वर निघते. जुनी पुट्टी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून तेलकटपणा पुसून घ्या. इथे दुकानदाराची एक गंमत सांगतो. प्लंबरची पुट्टी मागितली तर आपल्याकडे भिंतीची पांढरी पुट्टी किंवा एम-सील हातात ठेवतात. भिंतीची पुट्टी सततच्या पाण्यात टिकत नाही. एम-सील दगडासारखं होतं, गळत नाही हे खरं, पण पुढच्या वेळी फ्लँज काढताना सिंकच वाकतं. खरी पुट्टी मिळाली नाही तर सॅनिटरी सिलिकॉन घ्या आणि ते सुकायला पूर्ण एक दिवस द्या. संध्याकाळी पाहुणे येणार आहेत म्हणून दोन तासांत पाणी सोडायचं असेल तर सिलिकॉनचं काम त्या दिवशी काढूच नका.

पुट्टीची पेन्सिलीएवढी जाड वळी करून फ्लँजच्या कडेखाली लावायची, फ्लँज सरळ खाली दाबायची, एकदा बसल्यावर फिरवायची नाही. खालून क्रमाने फायबरचा गॅस्केट, सपाट लोखंडी कडी, स्क्रूची कडी आणि शेवटी तारेची रिंग. तिन्ही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा धरलात तर फ्लँज तिरकी बसते आणि ती पुढे कधीच गळायची थांबत नाही. आपल्या बाबतीत सिंकचं भोक आधीपासून बरोबर मापाचं आहे. हे वाचून कोणी पहिल्यांदाच क्रशर बसवणार असेल त्याने आधी भोक मोजावं; साधारण ९० मिलिमीटर लागतं. लहान असेल तर घरी ग्राइंडरने कापायला जाऊ नका, पातळ पत्रा थरथरतो आणि भोक वाकडं होतं.

मशीन वर चढवायच्या आधी आणखी एक बघायचं. बाजूला एक छोटी नळी असते, भांडी धुण्याच्या यंत्राचं पाणी सोडायची, तिच्या आत प्लास्टिकची चकती बंद असते. डिशवॉशर जोडायचा असेल तर ती चकती ठोकून पाडायची आणि आत पडलेला तुकडा काढून घ्यायचा. जोडायचा नसेल तर तिला हात लावायचा नाही. घाईत ती पाडली की पहिल्याच चाचणीत पाण्याची धार बाहेर, आणि मग लोक म्हणतात मशीन खराब निघालं.

पाइपावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुमच्या जुन्या मशीनचं सील जाण्यामागे पाइप असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे सिंकला वळकट्यांचा प्लास्टिकचा वेस्ट पाइप लावायची पद्धत आहे. साध्या सांडपाण्याला तो चालून जातो. क्रशरमधून निघतो तो पातळ रगडा. वळकट्यांच्या प्रत्येक घडीत तो साचतो, आठ दिवसांत वास मारतो, महिन्या-दोन महिन्यांत तुंबतो. बॉटल ट्रॅपचंही तेच, त्याच्या वाटीत गाळ बसतो. इथे आतून गुळगुळीत, ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणि पी-ट्रॅप पाहिजे, आणि आडव्या भागाला मीटरमागे सुमारे अडीच सेंटिमीटर उतार. काही जुन्या घरांत सिंकचा पाइप जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपच्या जाळीवर सोडलेला असतो. तिथे क्रशर बसवायचंच नाही, रगडा जाळीवर चढतो आणि स्वयंपाकघरभर पसरतो.

उंचीचा मुद्दा याहून नाजूक आहे. मशीनचं पाणी बाहेर पडायचं तोंड भिंतीतल्या पाइपाच्या तोंडापेक्षा वरच असलं पाहिजे. खाली गेलं तर प्रत्येक वेळी थोडं पाणी मशीनच्या पोटात उभं राहतं. क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं असं उभं राहिलं की कुठलंही सील टिकत नाही. म्हणून नवं मशीन मागवण्याआधी दोन मापं घ्या: सिंकच्या तळापासून भिंतीतल्या तोंडाच्या मध्यापर्यंत खाली किती, आणि नव्या मशीनचं तोंड सिंकच्या तळापासून किती खाली येतं. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा चांगला लहान पाहिजे. जमत नसेल तर छोटं मशीन घ्या, किंवा भिंतीतलं तोंड खाली घ्यावं लागेल, आणि मग टाइल फोडणं आलं, म्हणजे घरच्या घरी करायचं काम राहिलं नाही.

जोडून झालं की आधी विजेशिवाय चाचणी. सिंक बुचाने बंद करून काठोकाठ भरा. खाली वर्तमानपत्र अंथरा, प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. अर्धा तास थांबा, मग बूच काढा आणि सगळं पाणी एकदम जाऊ द्या, तेव्हाच ट्रॅपच्या नटांची खरी परीक्षा होते. कागद कोरडा राहिला तरच मेन चालू, मग इन्व्हर्टर, मग प्लग. प्लग त्याच्या स्वतःच्या सॉकेटमध्ये, आरओच्या एक्स्टेन्शन बोर्डावर नको. चालताना तीन-चार अँपिअर घेणारी मोटर सुरू होताना काही पट जास्त ओढते. आणि हा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवरून काढून साध्या लाइनवर घ्या. लाइट गेल्यावर क्रशर चालवायची कोणाला गडबड नसते.

वापराचं थोडक्यात. आधी नळ, मग बटण, मग खरकटं थोडं थोडं, आणि आवाज मोकळा झाल्यावरही वीस सेकंद पाणी. गार पाणीच सोडा, गरम पाण्याने तूप-तेल वितळून पुढे पाइपात जाऊन थिजतं. शेवग्याचे चोयटे, मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, कणसाचं बुरकुंड, मटणाची मोठी हाडं, आंब्याची कोय यातलं काही त्यात जाऊ नये. कांद्याचा पातळ पापुद्रा चकतीतून तसाच निसटतो आणि पाइपाला आतून चिकटतो. उरलेला भात मूठभर चालेल, पातेलंभर नाही. त्याची खळ होते. तर्रीचं तेल कागदाने पुसून कचऱ्यात. भाकरीचे तुकडे, भाज्यांची सालं, वरण, ताटातलं उरलेलं, एवढ्यासाठी ते आहे.

आता तुम्ही न विचारलेलं, पण माझ्या मते आधी ठरवायचं. परत क्रशर बसवायचंच का? एका वेळी नळ चाळीस सेकंद चालला तर चार-पाच लिटर पाणी जातं. दिवसातून तीनदा म्हटलं तर एक मोठी बादली. नाथसागर भरलेला असला तरी आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या माणसाला तर हा हिशेब समजावून सांगायची गरज नाही. पाणी कमी सोडून मशीन चालवणं हा मार्ग नव्हे, तसं केलं की रगडा पाइपातच बसतो. माझ्या काही गिऱ्हाइकांनी आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत साठवून तेच वरून मोठ्या तांब्याने ओतायची सवय लावली आहे, आणि ते उत्तम चालतं. डाळ-तांदळाचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी हेही चालतं. ते जमणार असेल तर क्रशरला माझी हरकत नाही.

सांडपाणी कुठे जातं हेही सोसायटीत विचारा. महापालिकेच्या ड्रेनेजला जोडलेलं असेल तर ठीक. बायपासच्या बाजूच्या कित्येक वसाहतींत आजही सेप्टिक टँक आहे. त्यात घराघरातलं भरडलेलं अन्न गेलं तर गाळ लवकर भरतो आणि उपसायची गाडी वरचेवर बोलवावी लागते, तो खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून जातो. २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोवरून शहरात कचराकोंडी झाली तेव्हा माझ्याकडे क्रशरची चौकशी एकदम वाढली होती, आणि तेव्हाची लोकांची अडचण खरी होती. पण घंटागाडी नियमित येत असेल आणि खाली टाकी असेल, तर मी माझ्या घरी क्रशर न लावता जाळीचं साधं कपलिंग बसवेन आणि ओला कचरा गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये टाकेन. त्या वेळी जुन्या भोकाला मोठ्या मापाचं कपलिंग लागतं, आणि ओट्याखालचा सॉकेट तसाच उघडा न ठेवता त्याला झाकण लावून घ्यावं लागतं.

बसवायचंच ठरलं तर मशीन मागवण्याआधी ओट्याखालचा एक फोटो टाका, प्लग आणि भिंतीतलं पाइपाचं तोंड दोन्ही दिसतील असा, आणि वर सांगितलेलं पहिलं माप सेंटिमीटरमध्ये लिहा. त्यावरून कुठल्या उंचीचं मशीन चालेल ते सांगतो.